धरमतरचा गाळ, ग्वायाकिलचा गाळ

रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी लागणारे लोहखनिज आणि कोळसा बार्जमधून धरमतरच्या जेट्टीवर उतरतो. १९९०च्या दशकात ‘इस्पात’ने उभारलेला आणि २०१० नंतर जेएसडब्ल्यूकडे आलेला हा कारखाना आज वर्षाला एक कोटी टन पोलाद बनवू शकतो. खुला समुद्र इथून दूर आहे. तरीही कारखान्याला ही जागा सोयीची ठरली, ती अंबा नदीच्या खाडीत दिवसातून दोनदा चढणाऱ्या भरतीमुळे.

या भरतीचा फायदा माणसाने फार आधीपासून घेतला आहे. सह्याद्रीतून उतरलेली अंबा पालीजवळून नागोठण्याला येते. तिथपर्यंत एके काळी गलबते जात. चौलच्या काझी अलाउद्दीनने सुमारे १५८० मध्ये बांधलेला दगडी पूल नागोठण्याच्या जुन्या वैभवाची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून धरमतरला आगबोटी येऊ लागल्या.

मग गलबते नागोठण्यापर्यंत जाईनाशी का झाली? रस्ते आणि रेल्वे हे एक कारण, पण गाळाचाही विचार करावा लागतो. डोंगरातून येणाऱ्या मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खारे पाणी मिसळले की क्षारांमुळे हे अपकर्षण क्षीण होते, कण चिकटून त्यांचे पुंजके बनतात आणि पाणी संथ होताच तळाला बसतात. पावसाळ्यातला लोंढा त्यातला काही गाळ समुद्राकडे रेटतो. उरलेले आठ महिने नदीला जोर नसतो आणि भरती तोच गाळ पुन्हा आत आणते.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरचे ग्वायाकिल हे शहर अशाच पाण्यावर वसले आहे. दाउले आणि बाबाओयो या नद्यांच्या संगमातून बनलेली ग्वायास नदी तिथे भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलते. सोळाव्या शतकात वसलेल्या या शहराला कोकोच्या निर्यातीने श्रीमंत केले. पण ग्वायासचे पात्र गाळाने उथळ होत गेले, शहरासमोर नदीत बेटच तयार झाले. अखेर १९६०च्या दशकात मोठ्या जहाजांचे बंदर नदी सोडून शेजारच्या एस्तेरो सालादो या खाडीवर हलवावे लागले. पुढे कोळंबीच्या तळ्यांसाठी कांदळवनाची प्रचंड तोड झाली. किनारा धरून ठेवणारी मुळेच गेली.

पेण-अलिबागच्या शेतकऱ्याने गाळाशी वेगळा करार केला. खाजणाला, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीला, मातीचे बांध घालून त्याने भातखाचरे केली. या बांधातली उघाडी पाहण्यासारखी असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप आपोआप बंद होते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते. ना मोटर, ना वीज! याच खाचरांच्या कडेच्या तळ्यांत जिताडा मासा वाढतो.

हे सगळे बांधावर उभे आहे. उधाणाच्या भरतीला बांध फुटून एखादी खांड गेली, तर खारे पाणी आत पसरते आणि जमिनीतले मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांध राखत. १९४८च्या मुंबई खारजमीन कायद्यानंतर सरकारने जबाबदारी उचलली, १९७९ मध्ये नवा कायदा आला. पेणला खारभूमी विकासाचे कार्यालयही आहे. पण शेतीतली माणसे कमी झाली, तशी रोजची निगराणी ढिली पडली.

बांधांना धोका जलवाहतुकीचाही आहे. धरमतरच्या अरुंद खाडीतून जड बार्ज गेली की तिच्या लाटा काठावर आदळतात. गाळ उपसून पात्र खोल केले की पाण्याचा ओढाही बदलतो. म्हणून जलवाहतुकीचा आराखडा एका कार्यालयात आणि बांधांची दुरुस्ती दुसऱ्यात, ही विभागणी धोक्याची आहे. खाडीची खोली, कांदळवन आणि खारबांध यांची मोजणी एकत्र आणि दरवर्षी पावसाळ्याआधी व्हायला हवी. तिचे आकडे ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावेत, ही मागणी खाडीकाठच्या गावांनी ग्रामसभांमधून करावी.