गळती आवळून थांबत नाही

‘आमच्या गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम चालू आहे. पोकलेन उभा असतो तिथे रोज तेलाचा ओला डाग दिसतो. ऑपरेटर पाना घेऊन जोड आवळतो, दुसऱ्या दिवशी गळती पुन्हा सुरू. एवढं अवाढव्य यंत्र बनवणाऱ्यांना एक जोड नीट बसवता येत नाही का?’ एका वाचकाचा हा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर त्या पान्यातच दडलेलं आहे.

वीस टनी पोकलेनमध्ये तेलाचा दाब ३५० बारच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये असतो जेमतेम सव्वादोन बार. १२ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर ३५० बार आले की सुमारे ४० टनांचा रेटा तयार होतो. यामागचा पास्कलचा नियम आपण सगळ्यांनीच परीक्षेत लिहिला आहे. पण तो मांडणारा पास्कलचा ग्रंथ १६६३ साली छापून आला आणि त्या तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट लंडनच्या जोसेफ ब्रामाने घेतलं ते १७९५ साली. मधे सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. पेटंट मिळालं तरी यंत्र काही धड चालेना. सरकणारा दांडा आणि नळकांडं यांच्यातल्या फटीतून पाणी उसळून बाहेर यायचं. फटीत भरण ठासून ते स्क्रूने करकचून आवळलं की गळती थांबायची खरी, पण मग दांडाही जागीच अडकून बसायचा. दाब काढला तरी खाली येईना. आवळावं तर अडकतं, सैल सोडावं तर गळतं!

यातून वाट काढली ती ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ली या चोवीस-पंचविशीतल्या कारागिराने. सायकलच्या जुन्या पंपातला वाटीसारखा चामडी वायसर ज्यांनी हाताळला असेल, त्यांना मॉडस्लीची युक्ती लगेच कळेल. पंप दाबला की आतली हवाच वायसरची कड फाकवून नळीच्या भिंतीला चिकटवते. जितका जोर लावाल तितकी कड घट्ट बसते. दांडा मागे ओढला की कड मिटते आणि हवा बाजूने आत येते. वायसर सुकला की पंप फुसका होतो, म्हणून त्याला तेलाचं बोट लावायचं. मॉडस्लीने चामड्याची कॉलर दुमडून तिला यू आकार दिला आणि दुमडीचं तोंड पाण्याकडे ठेवलं. दाबाखालचं पाणी दुमडीत शिरे, एक ओठ दांड्यावर दाबे, दुसरा भिंतीवर. दाब सोडला की दोन्ही ओठ सैल. जो दाब गळती घडवतो त्यालाच तिची राखण करायला लावायची! यंत्रशास्त्रातल्या इतक्या सुंदर कल्पना मला फार थोड्या माहीत आहेत.

आणि तिच्या मानकऱ्याचं काय झालं? आठवड्याला ३० शिलिंगांवर राबणाऱ्या मॉडस्लीने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि १७९७ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. यंत्राचं नाव राहिलं ‘ब्रामा प्रेस’. सॅम्युअल स्माइल्सने १८६३ साली कारागिरांची चरित्रं लिहिताना कॉलरचं श्रेय मॉडस्लीला दिलं, म्हणून ही हकिगत टिकली. आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रामाच्या शेजारी त्याचं नाव यायलाच हवं.

चामडं जाऊन रबर आलं, तत्त्व तेच राहिलं. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेन्सनने अमेरिकेत १९३७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. खाचेत बसवलेली रिंग तेलाच्या दाबाने फटीकडे ढकलली जाते आणि फट बंद करते. अशी भरवशाची सीलं हाताशी आल्यावर तारदोरांवर चालणारी खोदयंत्रं मागे पडत गेली. फ्रान्सच्या पोकलेन कंपनीचं हायड्रॉलिक खोदयंत्र १९५१ सालचं.

मग गळती होते कशाने? पोकलेनचा हात हलवणाऱ्या जॅकच्या चकचकीत क्रोम दांड्याकडे जवळून पाहा. त्यावर तेलाचा अगदी पुसट थर असतो, आणि तो असायलाच हवा, नाहीतर सील कोरडं घासून जळेल. त्या थरावर खडीची धूळ बसते. तोंडाशी बसवलेलं वायपर सील ती खरवडून काढतं, पण ते झिजलं की कण आत जातात. दगड आपटून दांड्यावर उठलेला नखाएवढा ओरखडाही प्रत्येक फेरीला सीलची कड कापतो. अशा दांड्यावर नवं सील किट चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आधी दांडा दुरुस्त करायला हवा. तेल ८० अंशांच्या वर तापत राहिलं तर रबर कडक होऊन तडकतं, म्हणून तेलाच्या कूलरच्या जाळीतली माती झाडणं हाही गळती रोखण्याचाच भाग आहे. होज पाइपावर लांबीभर छापलेली सरळ रेघ असते. ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसली तर पाइप पिळून बसवलाय, लवकरच फुटणार. आणि जोड गरजेपेक्षा जास्त आवळला तर त्याच्या बसणीचा धातू दबतो, रिंग चेंगरते. गल्लीतल्या ऑपरेटरचा पाना बहुधा रोज हेच करत असावा.

‘बाटली ओता, गळती बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रसायनांवर माझा भरवसा नाही. ती रबर फुगवतात आणि मऊ करतात. चार दिवस थेंब थांबतो, ओरखडा तिथेच राहतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून जास्त तेल मातीत जातं, तेव्हा ही मलमपट्टी परवडणारी नाही.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे. पाइपाला सुईएवढं छिद्र पडलं की तेलाची धार इतकी बारीक होते की दिसतही नाही. ती शोधायला कित्येक जण पाइपावरून हात फिरवतात. ही धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून तेल आत घुसवते. बाहेर फक्त मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत तेल स्नायुबंधांच्या कडेने पसरत जातं. उशीर झाला तर बोट, कधी हातही कापावा लागतो. म्हणून धार शोधायची ती लांबून धरलेल्या पुठ्ठ्याने. जोड खोलायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, लिव्हर हलवून उरलेला दाब सोडायचा. तरीही ठिपका उठलाच तर त्याच तासात रुग्णालय गाठायचं, आणि डॉक्टरांना ‘तेल लागलं’ असं मोघम न सांगता ‘दाबाखालचं तेल कातडीखाली शिरलंय’ असं स्पष्ट सांगायचं.