आकड्यांतून उमटणारे आकाश

हिवाळ्याच्या रात्री शिर्डीबाहेरच्या माळावर उभे राहिले की, तांबूस रोहिणी आणि शुभ्र व्याध हे तारे सहज ओळखू येतात. ज्योतिर्विदांच्या नोंदींत मात्र तारे म्हणजे केवळ आकडे. ‘गाया’ या अवकाशयानाने मोजलेल्या एक अब्जाहून अधिक ताऱ्यांची माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. ती वाचून काढावयास मनुष्याचा एक जन्म पुरणार नाही!

यावर उपाय आहे आकड्यांचे चित्र काढण्याचा. डेन्मार्कचे हर्ट्‌झस्प्रुंग व अमेरिकेचे रसेल यांनी १९१० च्या सुमारास ताऱ्यांचे तापमान एका अक्षावर आणि खरे तेज दुसऱ्या अक्षावर मांडले. ठिपके कसेही विखुरतील, असे कोणासही वाटेल; पण बहुतेक ठिपके एका तिरप्या पट्ट्यात दाटले. आपला सूर्य व व्याध याच पट्ट्यातले. रोहिणीची जागा मात्र निराळी. ती सूर्याहून थंड, तरीही त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी तेजस्वी. हे कसे? थंड पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर कमी प्रकाश देतो. तेव्हा तो पृष्ठभागच अवाढव्य असला पाहिजे. रोहिणी हा राक्षसी तारा आहे, हे असे एका ठिपक्यावरून कळते.

त्या काळी हे आलेख हातांनी काढावे लागत. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीच्या साहाय्याने ‘व्हीओप्लॉट’ नावाची संगणक-प्रणाली घडविली. ताऱ्यांची यादी स्वाधीन केली की, ती पडद्यावर आलेख रेखाटी. अक्ष कोणते घ्यावयाचे, हे मात्र तिला सांगावे लागे. ते चुकले, तर उरे नुसता ठिपक्यांचा ढीग, आणि त्यात रोहिणी कोठेतरी हरवलेली!