आजोबांचं शाईपेन गळतंय? फेविक्विक लावण्याआधी हे वाचा

लोहारा असो की पुणे, अनेक घरांत आजोबांचं एखादं शाईपेन अजून जपून ठेवलेलं असतं. हौसेनं शाई भरावी, तर ती निबऐवजी मधल्या आट्यांतून थेट बोटांवर. मग हात जातो फेविक्विककडे आणि पेन तिथंच संपतं. कारण तो जोड पुन्हा उघडत नाही, जोर लावला तर नळीच तडकते.

जुनी पेनं दुरुस्त करणारे इथं थ्रेड सीलंट वापरतात. नाव भारदस्त, पण आत मुख्यतः राळ आणि थोडं एरंडेल तेल. ते दगडासारखं कडक होत नाही. चिकट राहून फट बुजवतं आणि ऊब दिली की पुन्हा मऊ होतं. १९४१ साली आलेल्या पार्कर ५१ चं निबवरचं आवरण अनेक जण यानंच बसवतात.

ड्रॉपरनं शाई भरायच्या पेनाला मात्र हे लावू नका. तो जोड दर वेळी उघडावा लागतो, तिथं आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरतो.

आणि ऊब म्हणजे हेअर ड्रायरची, तीही लांबून. जुनी पेनं बऱ्याचदा सेल्युलॉइडची असतात आणि सेल्युलॉइड भर्रकन पेटतं. मेणबत्ती, लायटर जवळही नको.