निकालाचा छेद

निकाल लागले की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर महाविद्यालयाचा फ्लेक्स झळकतो. ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’, खाली टक्केवारी, एका बाजूला संस्थाध्यक्ष, दुसऱ्या बाजूला प्राचार्य आणि मधे पहिल्या तिघांचे पासपोर्ट फोटो. टक्केवारी सहसा खोटी नसते. ती कशाला कशाने भागून आली ते मात्र फ्लेक्सवर नसते, आणि मेख तिथेच आहे. उदाहरणादाखल आकडे धरू. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला १२० जणांनी प्रवेश घेतला, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला ६० बसले, ५४ पास झाले. निकाल ९० टक्के. त्याच ५४ ला १२० ने भागा, ४५ टक्के उरतात. आणि त्या ५४ मध्ये मागच्या वर्षी विषय राहिलेली काही मुले असली तर तेवढेही नाहीत. मधल्या मधे गेलेले ६० जण कुठल्याच हिशेबात धरलेले नाहीत. उलट त्यांच्या जाण्याने निकाल सुधारला, कारण कच्ची मुले आधीच गळाली की शेवटच्या वर्षाला तगलेलीच उरतात. माझे म्हणणे एवढेच आहे की लहान महाविद्यालयाने आपला निकाल प्रवेश घेतलेल्यांवर मोजावा, परीक्षेला बसलेल्यांवर नाही.

यात दोष एकट्या महाविद्यालयाचा नाही. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात उत्तीर्णांचे प्रमाण विचारतात तेव्हा अंशस्थानी शेवटच्या वर्षाला पास झालेले आणि छेदस्थानी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी असतात. महाविद्यालय जे विचारले ते भरते. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीचा तक्ता याहून प्रामाणिक आहे. त्यात पहिल्या वर्षाला किती प्रवेश झाले आणि त्यांतले ठरलेल्या मुदतीत किती पदवीधर झाले, हे एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहावे लागते. पण त्या क्रमवारीच्या वाटेला दोन-तीनशे मुलांची ग्रामीण महाविद्यालये फारशी जातच नाहीत. आणि अशी लहान महाविद्यालये थोडीथोडकी नाहीत. उच्च शिक्षणाच्या २०१८-१९ च्या अखिल भारतीय पाहणीत शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असलेली महाविद्यालये १६.३ टक्के होती. तीन हजारांवर विद्यार्थी असलेली फक्त ४ टक्के. प्रवेश धरून मोजणे नवेही नाही. अमेरिकेत १९९० च्या एका कायद्याने महाविद्यालयांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करणे भाग पाडले. तिथे एका वर्षी आलेली तुकडी धरतात आणि अभ्यासक्रमाच्या दीडपट काळापर्यंत तिचा माग ठेवतात. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला हा काळ साडेचार वर्षांचा होईल, म्हणजे विषय राहून वर्षभर मागे पडलेल्यालाही त्यात जागा आहे.

अशा मोजणीसाठी नवे सॉफ्टवेअर नको. ऑफिसात जनरल रजिस्टर असतेच. त्यात नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि शेवटी महाविद्यालय सोडल्याची तारीख आणि कारण. जुन्या वर्षाचे पान उघडले की डावीकडचे रकाने घट्ट भरलेले दिसतात आणि उजवीकडचे विरळ होत जातात. जिथे कारण लिहिलेले असते तिथे बहुतेक वेळा ‘विनंतीवरून’ एवढाच शब्द. विनंती कोणाची, कशासाठी, ते नाही. आणि जी मुले दाखला मागायलाच येत नाहीत त्यांचा रकाना तसाच कोरा राहतो.

पहिली हरकत इथेच येते. सोडून गेलेला प्रत्येक जण काही गळालेला नसतो. कुणाचा नर्सिंगला नंबर लागतो, कुणी डी.फार्म.ला जातो, कुणी आयटीआयला, कुणी पोलीस भरतीत निघतो. बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवायचा आणि सीईटीच्या फेऱ्यांत नाव आले की दाखला काढायचा, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. हरकत रास्त आहे. अमेरिकेतल्या मोजणीवरही हीच टीका होत आली आहे, की दुसरीकडे जाऊन पदवी घेतलेला विद्यार्थी पहिल्या महाविद्यालयाच्या खाती अपयश म्हणून पडतो. पण यावर उपाय आहे तो कारण नीट लिहिण्याचा. नर्सिंगला गेली तर ‘नर्सिंग’ लिहा आणि तिला वेगळी मोजा. ‘विनंतीवरून’ या एका शब्दाखाली नर्सिंगला गेलेली आणि लग्न करून दिलेली अशा दोघी एकच होतात.

दुसरी हरकत जड आहे. गरिबी, ऊसतोड, लग्न यांवर महाविद्यालयाचा काय इलाज? बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फिरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून लग्नेही लवकर उरकतात. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलीला एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट असतो, बी.ए.ला आली की तिचा पास सवलतीचा होतो, म्हणजे दर महिन्याला घरात पैसे मागणे आले. हे सगळे खरे. तरी कारण घरात असले तरी नाव तुटते ते ऑफिसच्या खिडकीशीच. परीक्षा फॉर्मची मुदत संपते, विलंब शुल्काची संपते, पोर्टल बंद होते. क्लार्ककडे फॉर्म न भरलेल्यांची यादी असते, ती नोटीस बोर्डावर लागते, आणि ज्यांच्यासाठी लावली ते त्या बोर्डापासून दीडशे किलोमीटरवर फडात असतात. एटीकेटीचेही तसेच. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षाला बसता येते, हे घरातल्या पहिल्याच कॉलेजात जाणाऱ्या मुलाला कोण सांगणार? त्याच्या लेखी तो नापास. तो घरी थांबतो, प्रवेशाची तारीख उलटते आणि न झालेला इयर डाऊन तो स्वतःच करून घेतो. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण राहिले की फीची थकबाकी अंगावर येते, मग ऑफिसकडे फिरकायचीही लाज वाटते. गरिबी महाविद्यालयाला हटवता येणार नाही. पण यांतली प्रत्येक गाठ एका फोनने सुटण्याजोगी आहे. मेंटॉर-मेंटीच्या फायली नॅकसाठी तयार असतातच, मात्र ज्याच्या नावावर वीस मुले लिहिलेली असतात तो बऱ्याचदा सी.एच.बी.वरचा, तासाच्या हिशेबाने पगार घेणारा प्राध्यापक असतो आणि पुढच्या वर्षी तो असेलच असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा आणि शिका’च्या पायावर, गरीब मुलगा टिकवणे हे तिथे मूळ काम होते, जोडकाम नव्हते.

सगळ्यात अवघड गोष्ट कोणी उघड बोलत नाही. अनुदानित पदे कार्यभारावर, कार्यभार तुकडीवर आणि तुकडी पटावर अवलंबून. म्हणून मे-जूनमध्ये प्राध्यापक मंडळी प्रवेश अर्ज घेऊन गावोगाव फिरतात. त्यातून काही प्रवेश नावापुरते होतात; ती मुले आलीच नाहीत, तर गळाली कशी म्हणायची? प्रवेशावर मोजणी सुरू झाली की हे उघडे पडेल, आणि मला वाटते मोजणीला खरा विरोध असलाच तर तो इथून असेल. उद्या याच आकड्यावर अनुदान किंवा श्रेणी ठरवली तर अंतर्गत गुणांची खिरापत वाटली जाईल, हीही भीती खरी आहे. म्हणून हा आकडा आधी महाविद्यालयाने स्वतःपुरता काढावा. लहान पटात टक्केवारी तशीही फसवी. तीस मुलांच्या वर्गात एक गेला की तीन टक्के हलतात. तिथे नावेच मोजावीत. हजारो मुलांच्या महाविद्यालयाला हे जमणार नाही, शंभर मुलांच्या महाविद्यालयाला एका दुपारी जमेल.

नव्या शैक्षणिक धोरणाने या मोजणीची निकड आणखी वाढवली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते. पण बाहेर पडायलाही ठरलेली क्रेडिट्स आणि शिवाय चार क्रेडिट्सचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. ऑक्टोबरपासून वर्गात न दिसलेल्या मुलाजवळ यांतले काहीच नसते. त्याला ‘मल्टिपल एक्झिट’च्या रकान्यात टाकून मोकळे होण्याचा मोह होईल, तो टाळायला हवा.

प्राचार्यांनी यंदा फ्लेक्स छापायला देण्याआधी तीन वर्षांपूर्वीचे रजिस्टर मागवावे आणि सोबत ऑफिसातले कपाटही उघडायला सांगावे. प्रवेशाच्या वेळी जमा केलेले बारावीचे मूळ दाखले तिथे गठ्ठ्यात बांधलेले असतात. पदवी घेऊन गेलेल्यांचा आणि रीतसर दाखला काढून गेलेल्यांचा हिशेब रजिस्टरात लागतो. बाकीच्यांचे कागद अजून तिथेच आहेत, आणि बहुतेक प्रवेश अर्जांवर मोबाइल नंबर लिहिलेला आहे.