गलबल्यातले बोलणे आणि कानातले यंत्र

कानामागे एक लहानसे यंत्र आणि केसांत लोहचुंबकाने चिकटलेली एक चकती, अशी माणसे तुम्ही पाहिली असतील. तारुण्यात किंवा उतारवयात ऐकणे गेले, साध्या श्रवणयंत्राने भागेना, म्हणून शस्त्रक्रिया करून त्यांनी हे यंत्र बसवून घेतलेले असते. त्याला कॉक्लियर इम्प्लांट म्हणतात.

आता असे एखादे गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. घरच्या ओसरीवर ते बायकोशी, नातवाशी छान बोलतात. पण ग्रामसभेत किंवा लग्नाच्या मांडवात गेले की चेहरा कोरा. लोक लगेच म्हणतात, “एवढे ऑपरेशन केले, आणि पुन्हा आपले ‘काय? काय?’ चालूच!” सभेत पाण्याच्या पाळीचा निर्णय झाला तो आपल्याला कळलाच नाही, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा सभेला न गेलेले बरे, असे त्यांना वाटू लागते. मग हळूहळू यंत्र डबीत जाते आणि डबी कपाटात. वास्तविक यंत्र मुळीच बिघडलेले नसते.

मग होते काय? निरोगी कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात ध्वनीची खबर मेंदूकडे धाडणाऱ्या सुमारे ३,५०० पेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम विजेची अवघी १२ ते २२ टोके करतात. बाहेरचा मायक्रोफोन आवाज टिपतो, यंत्र त्याचे तुकडे पाडते, आणि ही खबर कातडीतून आत जाते ती बिनतारी, म्हणजे आपल्या रेडिओच्याच विद्येने! १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरियेस या दोघांनी बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूला प्रथम अशी वीज दिली, तेव्हा त्याला आवाजाची लय तेवढी जाणवली. बोलणे काही उमगले नाही. १९७८ साली मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक टोकांचे यंत्र बसवले. तेव्हापासून प्रगती झाली ती एवढी की, शांत खोलीतले बोलणे आज पुष्कळांना नुसते ऐकून समजते.

पण शेवटी सूत जाडच. पैठणीचे सूत बारीक, म्हणून वेलबुट्टीच्या गर्दीतही मोर ओळखू येतो. घोंगडीवर एकटा मोर विणला तर तोही ओळखू येईल. मात्र त्याच्यावरच दुसरी नक्षी विणली, की दोन्हींचा काला होतो. गोंगाटात नेमके हेच होते. म्हणून नुसता आवाज वाढवून उपयोग नाही, कारण बोलण्याबरोबर गलबलाही तेवढाच वाढतो. बोलणे वर आणि गलबला खाली, असे काही तरी करायला हवे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जवळ जाणे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले, तर कानाशी पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौपट होते. भोवतीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. बोलणारा समोर असावा, गिरणी, पंखा किंवा रस्ता पाठीमागे. पत्र्याच्या सभागृहात आवाज भिंतींवरून उलटून येतो आणि शब्दांवर शब्द चढतात. त्यापेक्षा वडाच्या पारावरची सभा अशा माणसाला पुष्कळ सोपी जाते. (मांडवातल्या कर्ण्यांविषयी काय बोलावे! तिथे धडधाकट कानही हात टेकतात.)

दुसरी गोष्ट उजेडाची. ‘पान’, ‘तान’, ‘कान’ हे शब्द गोंगाटात यंत्राला सारखेच वाटू शकतात. पण ‘पान’ म्हणताना ओठ मिटतात, ते डोळ्यांना दिसते. उलट ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ यांत ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. तो फरक बराचसा कान सांगतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून तोंडावर उजेड हवा, आणि मिशांवरून हात फिरवीत बोलू नये.

ओरडूही नये. ओरडल्याने स्वर ताणले जातात आणि ओठांची ठेवण बदलते. सावकाश, शब्द सुटे करून बोलावे. एकदा कळले नाही तर तेच वाक्य चारदा न घोकता निराळ्या शब्दांत सांगावे, आणि विषय बदलला तर तसे आधी म्हणावे: “आता शाळेच्या छपराविषयी बोलतोय.” सभा चालवणाऱ्या शिक्षकांनी एका वेळी एकालाच बोलू दिले, तरी अर्धे काम झाले. बोलणाऱ्याच्या गळ्याशी लावायचा वेगळा बिनतारी मायक्रोफोनही मिळतो. तो बोलणे थेट यंत्रात पोचवतो. गोंगाटात याच्याइतका गुण क्वचितच दुसऱ्या कशाने येतो. दुसऱ्या कानात थोडे ऐकणे शिल्लक असेल, तर तिथले साधे श्रवणयंत्र काढून टाकण्याची घाई करू नये.

यंत्राचीही निगा हवी. मायक्रोफोनच्या जाळीत धूळ-घाम बसला की गोंगाटात आधी फरक पडतो. पावसाळ्यात तर रात्री ते ओल शोषणाऱ्या डबीत ठेवावेच. श्रवणतज्ज्ञाकडे जाताना नुसते “नीट ऐकू येत नाही” म्हणू नये. कुठे, कोणाचे, कशाच्या आवाजात कळले नाही, ते वहीत टिपून न्यावे; त्यावरून यंत्राची जुळणी त्यांना नेमकी करता येते.

राहिला सराव. नव्या यंत्राचे संकेत मेंदूला शिकावे लागतात, आणि त्याला काही महिने, कधी वर्षही लागते. यंत्र दिवसभर कानावर असेल तरच हे शिकणे घडते. घरच्या घरी करण्याजोगी एक रीत आहे. या पुस्तिकेतला एखादा मजकूर घरातल्या कोणी तरी शांत खोलीत मोठ्याने वाचावा, ऐकणाऱ्याने तोच छापील मजकूर बोटाने धरून चालावे. दोन-चार दिवसांनी पुस्तिका मिटून ऐकावे. ते जमले की पंखा लावावा. मग दुसऱ्या कोपऱ्यात रेडिओ अगदी हळू लावावा, आणि आठवड्या-आठवड्याने त्याचा आवाज थोडा थोडा वाढवीत जावा. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात. डोके थकले की थांबावे, आणि वाचणारा आवाज अधूनमधून बदलावा: आज सुनेचा, उद्या नातवाचा, परवा शेजाऱ्याचा.