टाइल्स लागण्याआधी वायरिंग ठरवा: किचन नव्यानं करताना विजेचं गणित कसं मांडायचं?

सावेडीतला फ्लॅट असो, केडगावातलं रो हाऊस असो की पारनेर-पाथर्डीकडचं जुनं दगडी घर. किचनचं काम काढलं की घरात चर्चा ठरलेली असते. ग्रॅनाइट कोणता, टाइल्स कोणत्या, ट्रॉल्या स्टीलच्या की प्लायच्या? वायरमनची आठवण होते ती शेवटी. तोवर ओटा बसलेला असतो, टाइल्स चिकटलेल्या असतात. मग मिक्सरसाठी एक्स्टेंशन बोर्ड येतो, फ्रीजची वायर दाराच्या चौकटीवरून फिरते आणि नव्याकोऱ्या टाइल्सवर प्लॅस्टिकची पट्टी मारावी लागते.

प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. पाणी, गॅस आणि वीज या तिन्ही गोष्टी रोज हाताच्या अंतरावर येतात त्या किचनमध्ये. त्यामुळे इथं विजेचं काम चुकलं, तर नुसता खर्च वाढत नाही, जीवावरही बेतू शकतं.

आधी यादी, मग बोर्ड

सुरुवात कागद-पेनानं करायची. आज घरात असलेली आणि पुढच्या पाच-सात वर्षांत येऊ शकतील अशी सगळी उपकरणं लिहून काढायची. प्रत्येकाच्या मागच्या पट्टीवर वॅटचा आकडा असतो, तोही लिहायचा.

साधारण आकडे असे येतात: इंडक्शन शेगडी २००० वॅट, मिक्सर ७५०, एक हॉर्सपॉवरची घरघंटी साधारण ७५०, मायक्रोवेव्ह १२०० च्या आसपास, फ्रीज चालू असताना २००, चिमणी २००, वॉटर प्युरिफायर ५०. सिंकसाठी इन्स्टंट गीझर घेतला, तर तो एकटाच ३००० वॅट.

आता गणित करू. वॅटला व्होल्टेजनं, म्हणजे २३० नं भागलं की ॲम्पिअर मिळतात. सकाळी इंडक्शन, मिक्सर, घरघंटी आणि फ्रीज एकत्र चालू असतील, तर भार होतो ३७०० वॅट. म्हणजे १६ ॲम्पिअर. त्यात घरघंटी आणि मिक्सरसारख्या मोटरी सुरू होताना क्षणभर याहून कितीतरी जास्त करंट ओढतात. ट्यूबलाइट, मिक्सर आणि फ्रीज एवढाच विचार करून टाकलेल्या जुन्या लाइनला हे झेपत नाही.

बिलावरचा ‘मंजूर भार’ बघितलाय का?

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. घराला किती किलोवॅट वीज वापरायची परवानगी आहे, ते तो सांगतो. जुन्या कनेक्शनवर हा आकडा अनेकदा एक-दोन किलोवॅटच असतो. यादीतल्या एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांची बेरीज त्याच्या वर जात असेल, तर भार वाढवून घ्यायला हवा. त्यासाठी महावितरणच्या वेबसाइटवरून किंवा ॲपवरून अर्ज करता येतो. १९१२ या टोल फ्री क्रमांकावरही माहिती मिळते. थ्री फेज घ्यायचं की नाही, हे बेरीज बघूनच ठरवावं, कारण त्यात दरमहाचा स्थिर आकार वाढतो.

कोणत्या वायरवर काय?

घरातल्या वायरिंगमध्ये साधारणपणे लाइटसाठी दीड एमएमची तांब्याची वायर वापरतात. मोठ्या प्लगसाठी अडीच एमएम आणि गीझरसारख्या जड उपकरणासाठी चार एमएम. (दुकानात ‘एमएम’ म्हणतात, ते खरं तर वायरच्या छेदाचं चौरस मिलिमीटरमधलं माप असतं.)

महत्त्वाचं म्हणजे किचनला मेन बोर्डापासून वेगळ्या लाइन हव्यात. लाइटची एक, ओट्यावरच्या प्लगची एक, फ्रीजची एक आणि इंडक्शन किंवा गीझरची स्वतंत्र. असं केलं की मिक्सरमुळे ट्रिप झालं तरी फ्रीज बंद पडत नाही.

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर निघाली, तर ती याच कामात बदलून टाकलेली बरी. तिचे जोड कालांतरानं सैल होतात, गरम होतात आणि तिथूनच जळायला सुरुवात होते.

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही

इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. भार जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी पडतो. वायर जळू नये, हे त्याचं काम. पण ओल्या हाताला शॉक बसला, तर तो करंट इतका कमी असतो की एमसीबीला पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी एवढीशी गळती ओळखून क्षणात वीज तोडतो.

आणखी एक गोष्ट टाळायची. १६ चा एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर तीच ठेवून ३२ चा बसवायचा नाही. मग एमसीबी पडणार नाही, पण भिंतीतली वायर तापत राहील.

एकच जिल्हा, दोन वेगळ्या अडचणी

अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत उन्हाळ्यात जमीन पार कोरडी पडते. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे अर्थिंग कमजोर होतं. तिथं किचनचं काम काढताना अर्थिंग मोजून घ्यावं आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहावं. आरसीसीबी असला तरी अर्थिंग लागतंच. ते चांगलं असेल, तर उपकरणात बिघाड होताच वीज तुटते, कुणी हात लावेपर्यंत थांबावं लागत नाही.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघर पट्ट्यात, नेमकं उलटं. तिथं पावसाळाभर भिंती ओल धरतात. ओल बोर्डात शिरली की आरसीसीबी वारंवार पडतो. अशा घरात बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर बोर्ड घेणं टाळावं.

बोर्ड कुठे नको?

शेगडीच्या बरोबर वर नको, कारण वाफ आणि तेल. सिंकच्या वर किंवा अगदी शेजारी नको, कारण पाण्याचे शिंतोडे. आणि ओट्याखाली सिलेंडरजवळ तर नकोच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो खाली साचतो. तिथं स्विचची छोटीशी ठिणगीही पुरते. गॅसचा वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करायचा.

उजेड पाठीमागून नको

बहुतेक किचनमध्ये एकच ट्यूब असते, तीही पाठीमागच्या भिंतीवर किंवा छताच्या मधोमध. ओट्याशी उभं राहिलं की स्वतःचीच सावली विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर पडते. उपाय सोपा आहे. ओट्यावरच्या कपाटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ एलईडी पट्टी घ्यायची. तिचा ड्रायव्हर शेगडीपासून लांब आणि हात पोहोचेल अशा जागी ठेवायचा, कारण आधी खराब होतो तो ड्रायव्हरच. रंग ४००० केल्विनच्या आसपास ठेवला, तर भाजी-डाळीचा रंग बऱ्यापैकी खरा दिसतो.

इन्व्हर्टर असेल किंवा पुढे घ्यायचा असेल, तर त्याची लाइन आत्ताच वेगळी टाकून घ्यावी. तिच्यावर लाइट, एक्झॉस्ट फॅन आणि एक छोटा प्लग पुरे. मिक्सर, घरघंटी, इंडक्शन त्यावर नको.

कामाचा क्रम लक्षात ठेवा

आधी ओटा, शेगडी, सिंक आणि फ्रीजची जागा पक्की करायची. मग खडूनं भिंतीवर प्रत्येक बोर्ड आखायचा आणि घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तिथं उभं करून विचारायचं. त्यानंतर झिऱ्या मारणं, पाइप-वायर टाकणं, गिलावा आणि सगळ्यात शेवटी टाइल्स. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीला आडव्या लांब झिऱ्या मारण्यापेक्षा पट्टी फिटिंग बरं.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं आणि शेवटी टेस्ट रिपोर्ट मागावा. झिऱ्या बुजवण्याआधी मात्र एक गोष्ट विसरू नका. भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक वायरचे फोटो काढून ठेवा. पुढे कपाटासाठी ड्रिल मारताना वायर नेमकी कुठून गेलीय, ते त्याच फोटोंवरून कळणार आहे.