मामावर गेलेली मुलं आणि तिसऱ्या वर्षीची कवळी

नवे दात उगवायला लावणाऱ्या जपानी औषधाच्या बातमीने कवळी वापरणाऱ्या आजी-आजोबांच्या आशा पल्लवित झाल्या. औषधाच्या रांगेत मात्र त्यांच्याआधी लहान मुलं उभी आहेत. संशोधक कात्सु ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २०२४च्या उत्तरार्धात सुरू केलेल्या पहिल्या चाचणीत ३० ते ६४ वयाचे, किमान एक दाढ नसलेले ३० पुरुष होते. तिथे प्रश्न एवढाच, की औषध सुरक्षित आहे का. पुढचा टप्पा आखला आहे तो जन्मतःच चार किंवा अधिक दात नसलेल्या २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी.

यूसॅग-१ हे प्रथिन दात वाढण्याच्या संदेशांना लगाम घालतं. हे औषध तो लगाम सैल करतं. २०२१च्या शोधनिबंधात ज्या उंदरांचे खुंटलेले दात असे वाढले, त्यांतल्या काहींमध्ये ईडीए हे जनुक निकामी होतं. माणसात तेच जनुक बिघडलं, की एक्टोडर्मल डिस्प्लेजिया होतो. दात मोजके आणि सुळ्यासारखे टोकदार, केस विरळ, आणि घाम जवळजवळ नाहीच. एप्रिल-मेमध्ये अशा बाळाला वारंवार ताप चढतो आणि घरचे जंतुसंसर्ग समजून औषधं देत राहतात.

या आजाराची एक फार जुनी नोंद आपल्या शेजारची आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी चार्ल्स डार्विनला कळवली आणि पाळीव प्राणी-वनस्पतींवरच्या त्याच्या ग्रंथाच्या १८७५च्या आवृत्तीत ती छापली गेली. चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की दोन्ही जबड्यांत मिळून पटाशीचे चार लहान, कमकुवत दात आणि आठ दाढा. अंगावर केस कमी, टक्कल लवकर, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना होतो. बापाकडून मुलाकडे तो जात नाही, हेही डार्विनने टिपलं. जनुक सापडलं ते थेट १९९६ साली. बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे ‘मामावर गेलाय’ हे आजीचं निदान इथे बहुधा अचूक ठरतं. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेऊ नये.

ताकाहाशींचं उद्दिष्ट २०३० सालापर्यंत औषध उपलब्ध करण्याचं आहे. यश येवो. पण आज तीन वर्षांचं असलेलं मूल तोवर थांबू शकत नाही. दात नसतील तिथे हिरडीखालचं हाड भरत नाही, चेहऱ्याचा खालचा भाग बसतो, ओठ बाहेर वळतात. भाकरी चावता येत नाही, ‘त’ आणि ‘स’ नीट उमटत नाहीत, आणि बालवाडीत मुलं चिडवायला लागतात.

म्हणून कवळी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास हवी, आणि ती बसते. कसोटी लागते माप घेताना. अल्जिनेटचा मऊ लगदा भरलेला छोटा ट्रे तोंडात असताना मुलाला मिनिटभर नाकाने श्वास घ्यावा लागतो, आणि या मुलांच्या नाकात तर सुकलेल्या खपल्या असतात. अनुभवी बालदंतवैद्य आधी नाक साफ करून घेतात, मुलाला सरळ बसवतात, रिकामा ट्रे त्याच्या हातात खेळायला देतात. माप एका भेटीत झालं नाही तर पुढच्या खेपेला. जबडा वाढतो, तशी कवळी पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. इम्प्लांटची घाई बहुतेकदा नडते: जबडा वाढत जातो आणि हाडात रुतलेला खिळा जागच्या जागी मागे राहतो. लाळही कमी, त्यामुळे असलेले दात लवकर किडतात; फ्लोराइड आणि रोजचं ब्रशिंग इथे अधिकच गरजेचं.

दीड वर्ष उलटूनही एकही दात नाही आणि उन्हाळ्यात ताप येतो, असं मूल दिसलं की जबड्याचा एक्स-रे काढायलाच हवा. शिवाय आईचेही दात पाहावेत. डार्विनला वाटलं तितक्या या स्त्रिया निर्धोक नसतात. एखादा दात नसणं किंवा टोकदार असणं, एवढीच खूण अनेकींत सापडते. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये तीन बाळांना आईच्या पोटातच, गर्भजलातून ईडीए जनुकाचं प्रथिन देण्यात आलं आणि जन्मानंतर त्यांना घाम येऊ लागला. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. तो उपचार अजून चाचणीतच आहे. तो कधी हाताशी आलाच, तर त्यासाठी आईच्या जनुकाची माहिती बाळ जन्मण्याआधी असावी लागेल.